दोन अर्धी पिंपं पीठ

सव्वापाच डॉलर. त्या पिठाची एवढीच किंमत लावलेली होती. दोन अर्धी पिंपं पीठ, आपल्या मापात धरलं तर 89 किलोच्या आसपास. 1875चा नोव्हेंबर सरत आला होता. मिनेसोटातल्या रेडवूड काउंटीत टोळांनी उभी पिकं फस्त केली होती. घरी बायको, तीन मुली आणि महिन्याभराचं तान्हं पोर. आणि चार्ल्स इंगल्स नावाचा शेतकरी लिहून देत होता, की माझ्याकडे आता काहीएक साधन उरलेलं नाही. तसं लिहून दिल्याशिवाय पीठ मिळत नव्हतं.

हे वाचलं आणि मला अण्णा आठवले. माझे वडील जत तालुक्यात तलाठी होते. नोकरीला लागले आणि लगेच बहात्तरचा दुष्काळ आला. खडी फोडायच्या कामावरची हजेरी, अर्जांच्या चळती, आणि अमेरिकेहून आलेली लालसर मिलो ज्वारी. त्या मिलोच्या भाकरीची चव अण्णा अजून सांगतात, तोंड वाकडं करून. पण त्याहून जास्त एक गोष्ट सांगतात. पाच एकरांचा मालक असलेला एक म्हातारा अर्जावर अंगठा उठवायला आला, आणि अंगठ्याला शाई लावल्यावर तसाच बसून राहिला. "कागदाला लावंना," अण्णा म्हणतात. "शाई वाळली. परत लावायला लागली."

इंगल्सने सही केली तेव्हा दौतीची शाई किती वेळा वाळली, हे कुठल्याच दफ्तरात नाही.

मी रॉचेस्टरला राहते, मिनेसोटातच. 14 नंबरचा हायवे आमच्या गावातून जातो आणि तसाच पश्चिमेला वॉलनट ग्रोव्हवरून साउथ डाकोटातल्या डी स्मेटपर्यंत पोचतो. या रस्त्याला इंगल्सांच्या दुसऱ्या मुलीचं नाव दिलेलं आहे. लॉरा इंगल्स वाइल्डर. हिने वयाच्या पासष्टीत पहिलं पुस्तक छापलं आणि आपल्या लहानपणाची भटकंती अमेरिकेतल्या पोराटोरांच्या तोंडी करून ठेवली. माझ्या मुलीने ती पुस्तकं वाचली, मी तिच्या मागून वाचली, आणि मग मला तलाठ्याच्या लेकीचा रोग जडला: हे खरंच कुठे राहत होते, जमीन कुणाच्या नावावर होती, मधली दोन वर्षं कुठे गेली?

वंशावळ म्हटलं की आपल्याला नावं आठवतात. आमच्याकडे सुगी झाली की हेळवी यायचा, बैल घेऊन. अंगणात बसून अमक्याचा तमका, तमक्याचा अमका असं एका दमात म्हणत खाली यायचा आणि धान्य घेऊन पुढच्या घरी जायचा. मला वाटलं होतं, अमेरिकेतही असंच कुठेतरी एकाखाली एक सगळं मिळेल. मिळालंही. 1903 साली इंगल्स घराण्याचा एक जाडजूड वंशग्रंथ छापलेला आहे. पण त्यातून हाताला फार लागलं नाही. शेतकऱ्याचं कुळ शोधायचं तर त्याच्या जमिनीमागे जावं लागतं, आणि हा माणूस तर जमिनीवर टिकतच नव्हता. न्यूयॉर्क राज्यातल्या क्यूबा गावी 1836च्या 10 जानेवारीला जन्म, मग बापाबरोबर इलिनॉय, मग विस्कॉन्सिन, कॅन्सस, परत विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा, परत मिनेसोटा आणि शेवटी डाकोटा. अण्णांच्या भाषेत, "पायाला भिंगरी."

सुरुवातीला मी तीन आठवडे भलत्याच चार्ल्स इंगल्सच्या मागे होते. वय जुळलं, राज्य जुळलं, बायकोचं नाव जुळेना. मी मनात म्हटलं, लिहिणाऱ्याने चूक केली असेल. या नादात पडलेल्या प्रत्येकाची ही पहिली चूक: कागद आपल्याला हवं ते सांगत नसला की कागदच चुकीचा ठरवायचा.

बायको मात्र चुकण्यासारखी नव्हती. तिचं नाव कॅरोलाइन क्वायनर. तिच्या भावाचं, हेन्रीचं लग्न चार्ल्सच्या बहिणीशी, पॉलीशी. तिच्या बहिणीचं, एलायझाचं लग्न चार्ल्सच्या भावाशी, पीटरशी. आणि 1 फेब्रुवारी 1860 रोजी विस्कॉन्सिनमध्ये चार्ल्स-कॅरोलाइनचं. एका घरची तिघं दुसऱ्या घरच्या तिघांना दिलेली. माझ्या आजीने हे ऐकून एका शब्दात मोकळं केलं असतं: साटंलोटं. आपल्याकडे त्यात हुंड्याचा हिशेब असतो. इथे बहुधा दोन शेतांमधलं अंतर कमी होतं आणि आसपास लग्नाची दुसरी पोरं फारशी नव्हती. पण परिणाम तोच. पोरांना आत्या तीच मामी आणि काका तोच मावसा. घराण्याचं झाड काढायला बसलं की फांद्या एकमेकींत अडकतात.

या दोन घरांत आणखी एक गोष्ट मला दिसली आणि ती मनातून जाईना. पाणी. इंगल्सांचा अमेरिकेतला मूळ पुरुष एडमंड. इंग्लंडमधल्या लिंकनशायरचा. मॅसॅच्युसेट्समध्ये उतरला आणि 1629 साली लिन गावी वसला. 1648 साली घोड्यावरून जाताना पूल मोडला आणि तो नदीत बुडून मेला. त्याच्या मुलांनी सरकारकडे अर्ज केला, की पूल कच्चा होता म्हणून बाप गेला, तर कायद्याप्रमाणे वारसांना 100 पौंड मिळावेत. आणि इकडे कॅरोलाइनचा बाप हेन्री क्वायनर 1845 साली मिशिगन सरोवरात जहाजाबरोबर बुडाला, ती सहाची व्हायच्या आत. एडमंडची एक नात मार्था कॅरियर. तिला 1692 साली सेलमला चेटकीण ठरवून फाशी दिलं. या घराण्याच्या सतराव्या शतकातल्या कहाण्या आपल्यापर्यंत का पोचल्या, तर पूल मोडला आणि खटला झाला म्हणून. ज्यांचं सगळं सुरळीत चाललं ते कागदावर आलेच नाहीत.

मग शिरगणती. अमेरिकेत दर दहा वर्षांनी होते, तशी 1790पासून चालू आहे, पण 1850च्या आधीच्या तक्त्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. बाकी सगळे नुसते आकडे: अमुक वयोगटातले पुरुष इतके, बायका इतक्या. 1850पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हे तर 1880पर्यंत विचारतच नव्हते. त्याआधीच्या तक्त्यात एका घरात एखादी बाई दिसली तर ती बायको, बहीण की कामवाली, हे आपण आपलं ओळखायचं. आडनाव ऐकू येईल तसं लिहायचं. म्हणून पुढे 1930च्या दशकात एक सांकेतिक पद्धत लावून याद्या केल्या. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या उच्चारांच्या व्यंजनांना एकच आकडा. इंगल्सचा झाला आय-524. लिहिणाऱ्याने एल एकदा लिहिला काय किंवा दोनदा, मधला स्वर बदलला काय, सगळी त्याच खुंटीला. गंमत म्हणजे 1880च्या त्या यादीत फक्त दहा वर्षांपर्यंतचं मूल असलेली घरंच घेतली होती. म्हणजे चार मुलींतल्या धाकट्या दोघी, नऊ वर्षांची कॅरी आणि तीन वर्षांची ग्रेस, घरात होत्या म्हणून हे कुटुंब यादीत बसतं. नुसत्या मेरी आणि लॉरा असत्या तर ते निसटलं असतं.

1890ची शिरगणती विचारू नका. वॉशिंग्टनमध्ये तळघरात आग लागली, जळून-भिजून उरलेलं पुढे सरकारनेच नष्ट केलं, आणि बहुतेक सगळी गेली. आगीची तारीख 10 जानेवारी 1921. चार्ल्सचा वाढदिवस, आणि थोरल्या मेरीचाही. मी योगायोगांना भुलणारी बाई नाही, पण ही तारीख वाचून चहा गार झाला.

आता कॅन्सस. इथे मला खरं म्हणजे बरंच थांबायचं आहे.

लॉराच्या लिहिण्यात घर इंडिपेंडन्स गावापासून चाळीस मैलांवर आहे. चाळीस मैल म्हटलं की ते ठिकाण पार दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात जातं. खुद्द लॉरा आणि तिची मुलगी रोझ तिथे शोधायला गेल्या आणि हात हलवत परत आल्या. तिची काय चूक? ती तिथे होती तेव्हा दोन-तीन वर्षांची. तिच्या आठवणी म्हणजे आईबापाने शेकोटीपाशी सांगितलेल्या गोष्टी. आपल्या मनात आपण ज्याला बालपण म्हणतो त्यातलं निम्मं असंच दुसऱ्याच्या तोंडचं असतं.

ठिकाण सापडलं ते घरातल्या बायबलमुळे. जन्ममृत्यूच्या पानावर कॅरीची नोंद: 3 ऑगस्ट 1870, माँटगोमेरी काउंटी, कॅन्सस. मग त्या काउंटीची 1870ची शिरगणती उघडली, तर कॅरी दहा दिवसांची असताना शिरगणतीवाला दारात आलेला. तो घरोघर चालत जातो. म्हणजे कागदावरचा क्रम हाच पावलांचा क्रम. आधीचं घर कुणाचं, नंतरचं कुणाचं, आणि त्या शेजाऱ्यांनी पुढे कुठली जमीन नावावर केली, हे लावत लावत गावातल्या एका अभ्यासू बाईंनी एकेक तुकडा बाद केला. उरला तो इंगल्सांचा. इंडिपेंडन्सपासून साधारण तेरा मैल. शेजारीच डॉक्टर जॉर्ज टॅन सापडले. कॅरीच्या जन्माच्या वेळी आलेले, कृष्णवर्णीय, होमिओपॅथीचे डॉक्टर. ते लॉराच्या गोष्टीतही आहेत. तिथे आठवण आणि कागद एकमेकांना बरोबर भेटतात.

पण त्या तक्त्यात जमिनीच्या किमतीचा रकाना आहे आणि इंगल्सांपुढे तो कोरा आहे. त्यांच्यापुढेच नाही, आसपासच्या सगळ्यांपुढे. शिरगणतीवाल्याने कारणही लिहून ठेवलं: जमीन ओसेज या मूळनिवासी लोकांची आहे, राहणाऱ्यांना तिच्यावर हक्क नाही.

मी हे अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "म्हंजे अतिक्रमण."

"हो अण्णा."

"आणि लिव्हलंय का तसं? सरकारी माणसानं? सोताच्या हातानं?"

"लिहिलंय."

"बरा माणूस म्हणायचा."

त्याच सप्टेंबरात ओसेज लोकांकडून ती जमीन सोडायचा करार करून घेतला. ते दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमातल्या ओसेज काउंटीत गेले. इंगल्स कुटुंब 1871च्या सुरुवातीला विस्कॉन्सिनला परतलं. गोष्टीत लष्कर येऊन घर खाली करायला लावणार, अशी आवई आहे. कागदात कारण सापडतं ते वेगळंच. विस्कॉन्सिनचं घर ज्याला विकलं होतं त्याला पैसे फेडता येईनात, म्हणून त्याने घर परत केलं. गोष्टीत सरकारने दगा दिला असं दिसतं, कागदात एक हप्ता थकलेला दिसतो. लॉरा खोटं बोलली असं मला वाटत नाही. मुलीच्या कानावर बापाने जे घातलं ते तिने जपलं. बापाला काय सोपं वाटलं असेल ते मला समजतं. मला त्या कोऱ्या रकान्याचा राग येतो, आणि ज्याने तो कोरा ठेवला त्याच्याबद्दल अण्णांइतकाच आदर वाटतो. पण चाकाखालची वाट कुणाची आहे हे माहीत असूनही बायकापोरं घेऊन त्यात घुसलेल्या माणसावर पूर्ण रागावताही येत नाही. जमिनीशिवायचा शेतकरी काय करतो हे मी पाहिलेलं आहे.

खरेदीखतांच्या सूचीत बाई शोधणं म्हणजे दुसरं प्रकरण. जुन्या इंग्रजी दस्तांच्या यादीत नवऱ्याचं नाव, आणि त्यापुढे लॅटिनमधली दोन तुटकी अक्षरं: एट उक्स. म्हणजे "आणि बायको". बस्स. जमीन विकताना बायकोची सही लागायची, कारण विधवा झाली तर तिचा त्यात वाटा होता. पण यादीत तिचं नाव नाही. कॅरोलाइन शाळामास्तरीण होती, अक्षर सुंदर. सूची करणाऱ्यापुढे ती नुसती "आणि बायको". आमच्या हेळव्याच्या वहीत तर मुलींची नावंही नव्हती. मी सातवीत असताना तो शेवटचा आला. मी विचारलं, माझं नाव कुठाय? तो हसला आणि म्हणाला, "तू दुसऱ्याच्या वहीत जाणार, बाळ." एट उक्स.

टोळांचं मात्र सांगायलाच हवं. रॉकी पर्वतातला टोळ म्हणतात त्याला. 1870च्या दशकात त्याने मिनेसोटापासून टेक्ससपर्यंत शेतकऱ्यांना धुऊन नेलं. वॉलनट ग्रोव्हजवळ प्लम क्रीकच्या काठी इंगल्सने गहू पेरलेला. पीक गेलं, दुसऱ्या वर्षी अंड्यांतून बाहेर पडलेल्यांनी पुन्हा नेलं, पिठासाठी लिहून दिलं, आणि 1876च्या उन्हाळ्यात जमीन विकली. मग बाळ गेलं. चार्ल्स फ्रेडरिक, घरात फ्रेडी. जन्म 1 नोव्हेंबर 1875, मृत्यू 27 ऑगस्ट 1876. ज्या पिठाची गोष्ट मी वर सांगितली ते आलं तेव्हा महिन्याचा होता तोच. वाटेत नातेवाइकांकडे थांबले असताना मिनेसोटाच्या पूर्व भागात गेला. त्याची कबर सापडलेली नाही. ती जागा माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत आहे. दोन दफनभूमी मी स्वतः पालथ्या घातल्या, गुडघ्यावर बसून शेवाळ बाजूला करत. नाही सापडली.

लॉराच्या पुस्तकांत फ्रेडी नाही. त्यानंतरचं वर्ष, आयोवातल्या बर ओकचं, तेही नाही. तिथे हे कुटुंब एका खाणावळवजा हॉटेलात राबलं. ग्रेस तिथेच जन्मली, मे 1877मध्ये. आणि तिथून ते रात्री निघाले, कारण देणं फिटलेलं नव्हतं आणि घरमालक थांबायला तयार नव्हता. हे लॉराने आपल्या हस्तलिखित आठवणींत लिहून ठेवलं, मुलांच्या पुस्तकात घातलं नाही. मी घातलं नसतंच. आमच्या घरी पण एक वर्ष आहे ज्याबद्दल आई बोलत नाही, आणि मीही ते इथे लिहिणार नाही.

मेरीचे डोळे 1879मध्ये गेले. पुस्तकात कारण स्कार्लेट फीवर. 2013 साली काही डॉक्टरांनी लॉराच्या आठवणी, पत्रं आणि त्या वेळच्या वर्तमानपत्रातल्या बातम्या ताडून पाहिल्या आणि निष्कर्ष काढला, की तो बहुधा विषाणूमुळे झालेला मेंदूज्वर असावा. 1880च्या शिरगणतीत आंधळेपणासाठी वेगळा रकाना होता. घरात एक मूल आंधळं झालं, की रकान्यात जातं. पुढे मेरी आयोवातल्या व्हिंटनच्या अंधशाळेत शिकली, 1881 ते 1889.

अण्णा परवाच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले. पंचाहत्तरी उलटलेली, गुडघे दुखतात, पण गाडीत पुढच्या सीटवर बसले की अंगात तलाठी संचारतो. आम्ही 14 नंबरने पश्चिमेला निघालो. वॉलनट ग्रोव्ह ओलांडलं तसे ते खिडकीतून बघत राहिले. सरळसोट रस्ते, दर मैलाला काटकोनात दुसरा रस्ता.

"मोजणी कुणी केली?"

मी सांगितलं, सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे छत्तीस चौकोन, एक चौकोन एक मैलाचा, 640 एकरांचा. चौकोनाचे चार भाग केले की एक 160 एकर. 1862च्या कायद्याने तेवढा एक भाग फुकट, पाच वर्षं राहून कसून दाखवायचा.

"एकशेसाठ!" अण्णा म्हणाले. "आपल्याकडं सिलिंगमधी गेली असती. जिरायत चोपन्न एकर, त्याच्या वर सरकारजमा." मग बऱ्याच वेळाने: "बांधाची भांडणं नसतील."

"का नसतील?"

"सरळ रेघंला कोण भांडतंय."

डी स्मेटला इंगल्सने 1880च्या फेब्रुवारीत ब्रूकिंग्जच्या जमीन कचेरीत दावा नोंदवला. त्या हिवाळ्यानंतरचा हिवाळा पुस्तकांमुळे गाजला. जानेवारी ते मे 1881 आगगाडी आलीच नाही. 1886 साली त्याने जमीन सिद्ध केली. त्या वेळी भरायचा फॉर्म मी अण्णांना आदल्या रात्री मराठीत सांगितला होता. तुझं खरं नाव काय, वय काय, इथलाच की परदेशी. घर कधी बांधलं, राहायला कधी आलास, घर कसलं, किंमत किती. कुटुंबात कोण कोण. मधे किती दिवस गैरहजर होतास आणि का. किती एकर नांगरली, किती हंगाम पीक घेतलं. त्याआधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. मग दोन साक्षीदार, त्यांना तेच प्रश्न वेगळे विचारायचे.

"जबाब," अण्णा म्हणाले होते. "पंच, पंचनामा, जाहीर नोटीस, हरकत असल्यास पंधरा दिवसांत. तुमी काय नवीन सांगताय."

नोंदणी कचेरी कोर्टहाऊसमध्येच आहे. तिथल्या बाईंनी कापडी बांधणीचं एक थोराड पुस्तक टेबलावर आणून ठेवलं आणि बाजूला झाल्या. अण्णांनी चष्मा लावला. इंग्रजी लपेटीचं अक्षर त्यांना वाचता येईना, पण बोट बरोबर रकान्यांवरून फिरत होतं, देणारा, घेणारा, तारीख, सेक्शन. पहिल्या ओळीपाशी थांबले.

"देणारा कोण?"

"युनायटेड स्टेट्स."

"म्हंजे सरकार. आणि सरकारला कुणी दिली?"

मी पान उलटवलं. त्याच्या आधीचं पान नव्हतं.

अण्णा काही बोलले नाहीत. पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी मिटलं, आमच्या घरी पोथी मिटतात तसं, आणि त्या बाईंना नमस्कार केला.

दफनभूमी गावाबाहेर, जराशा उंचवट्यावर. चार्ल्स, 1902. कॅरोलाइन, 1924. मेरी, 1928, लग्न झालंच नाही. ग्रेस, 1941. कॅरी, 1946. जवळच लॉराच्या मुलाचा दगड आहे, 1889चा. त्याचं नाव ठेवायचं राहिलं होतं, म्हणून दगडावर फक्त बापाचं नाव आणि त्याचा मुलगा एवढंच. चार्ल्स गेला त्याच 1902 साली रॉकी पर्वतातला तो टोळही शेवटचा जिवंत सापडला, नंतर कधीच नाही. हे मी अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "दोघांचा हिशेब मिटला."

मग ते त्यांच्या मूळ प्रश्नावर आले. मला माहीत होतं, येणार.

"वारस?"

"कोणी नाही."

"कोणी म्हंजे?"

मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मेरी अविवाहित. कॅरीने स्वतःच्या नावावर पश्चिमेला जमीन घेतली, चाळिशीत लग्न केलं, नवऱ्याची आधीची मुलं होती, पोटची नाहीत. ग्रेसला मूल नाही. फ्रेडी गेला. लॉराची एकच मुलगी जगली, रोझ. रोझचं मूल जगलं नाही. रोझ 1968 साली गेली. चार्ल्स-कॅरोलाइनचं रक्त आज पृथ्वीवर कुठेही नाही. साटंलोटंवाल्या त्या दुसऱ्या दोन घरांचं आहे, पुतण्या-भाच्यांचं आहे. या घरचं नाही.

"एवढी माणसं येतात बघायला," अण्णा म्हणाले. पार्किंगमध्ये चार राज्यांच्या गाड्या होत्या. "त्यातलं एक पण घरचं नाही."

"एकही नाही."

"मग तू कुणासाठी शोधतीयास?"

मला उत्तर आलं नाही. मी म्हटलं, "अण्णा, भूक लागली असेल तुम्हाला." डब्यात थालीपीठं होती.

जेवायला आम्ही गावाच्या दक्षिणेला, इंगल्सांच्या मूळ जमिनीपाशी गेलो. आता तिथे वारं आणि गवत. कोपऱ्यात कॉटनवुडची झाडं, पिंपळासारखी सतत सळसळणारी. चार्ल्सने बायको आणि चार मुली यांच्या नावाने एकेक, अशी पाच लावली होती, असं सांगतात. अण्णांनी थालीपिठाचा शेवटचा घास तोंडात टाकला, हात पुसले, काठी घेतली आणि उठले.

"कुठे?"

"पीकपाहणीत झाडं लिव्हायची असतात," ते म्हणाले, आणि एकेका बुंध्याला काठी लावत, ओठांत पुटपुटत, मोजायला लागले. मी वही उघडून बसले.